लेकीच्या रानात मेंढ्या बसल्या

होटगी,
२० मार्च १९७८

प्रिय आये,

हे पत्र रावजी मास्तरांच्या हाती पडेल आणि ते बिरोबाच्या देवळापुढं बसून तुला वाचून दाखवतील, हे मी धरून चालले आहे. आपल्या वाडीत पत्र एकाला येतं आणि ऐकतात सगळे. पूर्वी मला याचा राग यायचा. आज मला तेच हवं आहे. म्हणून मास्तर, आधी तुम्हाला नमस्कार आणि एक विनंती. लहानपणी तुमच्या खांद्यामागं उभी राहून मी लोकांची पत्रं वाचायची, त्यामुळे तुमची खोड मला ठाऊक आहे. एखादी ओळ बाईमाणसाला ऐकवू नये असं वाटलं की तुम्ही खोकता आणि खालच्या ओळीवर उतरता. या पत्रात खोकायचं नाही. मी शाळेच्या भाषेत लिहिते आहे, ती तुम्ही आपल्या बोलीत सांगा, जड शब्द फोडून सांगा, पण एकही ओळ गाळू नका. आणि भोवती जे कोणी ऐकायला बसले असतील त्यांनीही उठू नये. गेला आठवडाभर तुम्ही माझ्या आईच्या पाठीमागं काय बोलता आहात ते मला कळलं आहे. आता माझं समोरून ऐका.

आये, सिदूदादा परवा येऊन गेला. तुझ्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी पोचली. एवढा लांबून आलेला पुतण्या, पण पाण्याच्या तांब्याशिवाय कशाला हात लावला नाही. भिंतीकडं बघत तुझा निरोप सांगितला, "काकी म्हनली, सोजरीला सांग, सायब म्हंत्यात तसं लिहून दे. म्या बी वळक न्हाय म्हनलेय, तू बी तसंच म्हन. न्हायतर नोकरी जाईल." मग खोदून विचारलं तेव्हा बाकीचं कळलं. ज्यांच्या हाताखाली मी काम करते ते साहेब माझ्याकडून काय लिहून मागतात, हे इथल्या शेतगड्यांकडून तुझ्या कानावर आलं होतं. तू यंदा वेळेआधीच मागं फिरलीस, मेंढरं चुलत्यांच्या हवाली केलीस, आणि घरात बसून राहतेस. बायका म्हणतात की गोजाबाईनं लेकीचं रान नासवलं, साहेबीण झालेल्या पोरीच्या पोटावर पाय दिला. तू ते ऐकून घेतेस. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला, की तू ऐकून घेतेस. निरोपाचं उत्तर मी सिदूदादाजवळ दिलं नाही, कारण तो भला माणूस आहे, त्यानं ते मऊ करून सांगितलं असतं. उत्तर असं आहे की मी तसं लिहून देणार नाही.

आता तू काय नासवलंस ते आधी सगळ्यांना नीट कळू दे, कारण ज्यांना काहीच माहीत नाही तेच जास्त बोलतायत. होटगीच्या पुढं माळावर आमचं रान आहे. रान म्हणजे सगळा उघडा मुरूम, कुसळसुद्धा नीट उगवत नाही, म्हणून तर आमच्या संस्थेला ते मिळालं. त्यात लाकडी खांबांच्या ओळी रोवल्या आहेत आणि खांबांवरून तारा ओढल्या आहेत. त्या तारा म्हणजे आमचे कान. घरातल्या रेडिओला जशी बाहेर तार लावतात तशीच ही, फक्त एकराएकरांची. तारांनी ऐकलेलं जमिनीवरून टाकलेल्या जाड वायरींतून एका खोलीत येतं. तिथं कागदाची पट्टी हळूहळू सरकत असते आणि एक पेन तिच्यावर शाईची रेघ ओढत असतं. आवाज वाढला की रेघ वर चढते, कमी झाला की खाली उतरते. मी दिवसभर ती रेघ बघते, हीच माझी नोकरी. बाहेर ऊन असलं काय, ढगाळ असलं काय, आम्हाला फरक पडत नाही. भर उन्हातही वर तारे असतातच, डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच. लोक म्हणतात हिला दिवसा तारे दिसतात. दिसत नाहीत, ऐकू येतात.

मी कुणाला ऐकते तेही सांगते. आभाळात काही ठिकाणी नवे तारे जन्माला येतात. आपल्या हिशोबानं ते लाखो वर्षांचे म्हातारे, पण ताऱ्यांच्या हिशोबानं अजून तान्हे. असा मोठा तारा जन्मतो तो भयंकर तापट असतो. त्याच्याभोवती हायड्रोजन नावाच्या वायूचा ढग असतो. जगातला सगळ्यात हलका वायू, आपण पितो त्या पाण्यातही तोच आहे. तारा आपल्या प्रखर उजेडानं त्या ढगाच्या कणाकणाची फोड करतो. फोडलेला ढग जळत्या भट्टीसारखा तापतो, आणि त्याचा एक विचित्र गुण होतो. आखूड लहरींवर ऐकणाऱ्यांना तो ढग चमकताना दिसतो. आमच्या तारा ऐकतात त्या लांब लहरी. त्यांच्यापुढं तोच ढग भिंत होऊन उभा राहतो. सगळ्या आकाशगंगेतून एक मोठा घोंगाट येत असतो, ढगाच्या मागून येणारा घोंगाट ढग अडवतो. पेटलेल्या शेकोटीपुढं कुणी घोंगडं धरावं आणि आपल्या तोंडावरची धग कमी व्हावी, तसं. ढग आमच्या रानावरून सरकू लागला की पेनाची रेघ खाली बसते, आणि ढग पुढं गेला की पुन्हा वर येते. त्या खळग्याला मी घळ म्हणते. ती घळ किती खोल आहे यावरून ढग किती तापलाय, आणि किती घोंगाट त्याच्या अलीकडून येतो, ते काढता येतं. एवढ्या लांब लहरींवर ही खोली माझ्या माहितीत अजून कुणी धड मोजलेली नाही. मी मोजली. पौषात घळ यायची तेव्हा दिवस चांगला वर आलेला असायचा. पण तारे रोज चार मिनिटं लवकर येतात, तशी तीही रोज चार मिनिटं लवकर यायची, आणि शिवरात्रीच्या सुमारास ती सूर्योदयाला येऊन भिडली. एकही दिवस तिनं मला फसवलं नाही.

आता तो ढग आभाळात कुठं आहे ते ऐका, विशेषतः आप्पाकाकांनी ऐका. विंचवाच्या नांगीपाशी. म्हणजे मूळ नक्षत्रात. मी काही मुद्दाम निवडला नाही. आमच्या तारांना जे ढग नीट पकडता येतात त्यांत हा सगळ्यात चांगला, म्हणून माझ्या वाट्याला आला. साहेबांनी यादीतून तो माझ्यापुढं ठेवला तेव्हा मी एवढी हसले की त्यांना वाटलं पोरीला उन्हाचा त्रास झाला.

मी मुळावर जन्मले, हे वाडीत कुणाला सांगायची गरज नाही. मी दोन वर्षांची असताना बा, तुमचा गुंडा, माण नदीकाठी बिऱ्हाड उतरलेलं असताना तापानं गेला, आणि तुम्ही सगळ्यांनी त्याचं कारण माझ्या पाळण्यात शोधलं. मुळावरची पोर बापाला खाते. पोरीला आजोळी टाक, दुसरं लग्न कर, तरुण आहेस, असं आप्पाकाका आईला म्हणाले होते. आये, तू तेव्हा काय म्हणालीस ते मला आजीनं सांगितलं होतं. "नक्षत्र काय माज्या लेकीनं घडवलं न्हाय." एवढं म्हणून तू मला पाठीशी बांधलंस आणि मेंढरं हाकत पुढं निघालीस. मी सात वर्षांची झाल्यावर सांगोल्याच्या बोर्डिंगात मला घातलंस तेव्हाही सगळे हसले, की मेंढरामागं एक माणूस कमी झालं, आता ही मास्तरीण होऊन मेंढरांना शिकवील. तुम्ही हसत राहिलात आणि मी शिकत राहिले. सोलापुरात बी.एस्सी., पुण्यात एम.एस्सी. मध्ये दोन स्थळं आली. पाव्हणे ओसरीवर बसलेले, आणि कुणी विचारायच्या आधीच आईनं सांगितलं, "पोर मुळावरची हाय. चालत आसंल तर च्या घ्या." दोघांनीही चहा घेतला नाही. मावशीनं कपाळाला हात लावला, म्हणाली थोडं झाकून ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं. तू म्हणालीस, झाकल्यालं उगडं पडतं तवा लई वास येतो.

हे सगळं मी उगाळत बसले आहे त्याला कारण आहे. तुला जन्मात कधी काही झाकता आलं नाही. खोटं बोललीस ती एकदाच, आणि ते माझ्यासाठी.

दिवाळीनंतर तुमचं बिऱ्हाड इकडून गेलं तेव्हा तू बांधावर उभी राहून पहिल्यांदा माझं रान पाहिलंस. खांबांच्या ओळी, वर तारा, खाली उघडा मुरूम. मी तुला तारांचं सांगत होते आणि तुझं सगळं लक्ष जमिनीकडं. जाताना एवढंच म्हणालीस, "रान लई हलकं हाय गं." मी हसले आणि तुझ्या पदरात बिस्किटाचा पुडा घातला. तुझ्या डोक्यात तेव्हाच ठरलं होतं, नाही का. नान्नजकडं द्राक्षाचे मांडव तू पाहिलेले आहेस, खांब आणि तारा कशासाठी असतात हे तुला ठाऊक. लेकीनं एवढा मांडव घातलाय आणि एक वेल चढलेला नाही. चढणार कुठून, जमिनीत जीवच नाही. साहेबलोकांना यातलं काय कळतंय.

मग माघ सरता सरता परत फिरताना तुम्ही इथं चनमल्लप्पांच्या शेतात मेंढ्या बसवल्या. चनमल्लप्पा म्हणजे आमच्या रानाचे शेजारी, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारे. त्यांची ज्वारी निघाली होती. कापलेल्या रानात मेंढ्या रात्री बसल्या की लेंड्या-मुतानं वर्षाचं खत होतं, त्याबद्दल शेतकरी धनगराला धान्य देतो, हे वाडीत कुणाला समजावायला नको. शिवरात्रीपर्यंत मेंढ्या त्यांच्याकडं बसल्या. पुढच्या रात्रींसाठी फताटेवाडीकडच्या एका बागायतदारानं मागणी घातली होती, चांगलं पोतंभर देतो म्हणाला होता. तू त्याला नाही म्हणालीस. मी तेव्हा पुण्याला गेले होते, तिथल्या गणकयंत्रावर माझे आकडे घालायला. राखणदार शिवरात्रीच्या जत्रेला गेला तो गेलाच. खोलीला कुलूप होतं, आत पेन आपलं एकटंच रेघ ओढत होतं. आणि तू शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, अख्खा कळप घेऊन माझ्या रानात शिरलीस. कोकरांसाठी वाघर लावायला तुला खुंट्यासुद्धा ठोकाव्या लागल्या नाहीत. एवढे सरळ ओळीतले खांब तयार, तू वाघरीचं जाळं सरळ त्यांनाच बांधलंस. चार रात्री मेंढ्या बसल्या. मेंढ्यांनी खांबांना अंग घासलं, खांब कलले, तारा सैल झाल्या. आणि तुझ्या त्या अवदसा शेळ्यांनी जमिनीवरच्या वायरींची वेष्टणं चघळून टाकली.

पाचव्या दिवशी सकाळी मी आणि साहेब जीपमधून आलो. ती सकाळ तू विसरायला बघतेस, मी विसरणार नाही. साहेब उतरले आणि ओरडत सुटले. वाईट माणूस नाही ते, सहा वर्षं खपून त्यांनी ते रान उभं केलंय, कुणीही ओरडलं असतं. तू वाघर सोडत होतीस. आधी माझ्याकडं बघून हसलीस, खत बसवल्याचं सांगायला तोंड उघडलंस, आणि मग साहेबांचं ओरडणं, माझा उतरलेला चेहरा, लोंबकळणारी तार, सगळं एकदमच तुझ्या लक्षात आलं. साहेबांनी विचारलं, कोण तुम्ही, कुणाच्या परवानगीनं आलात? मी पुढं झाले आणि म्हणाले की ही माझी आई आहे. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "मी वळकत न्हाय या बाईस्नी. आमी वाटंचं धनगर, रान मोकळं दिसलं म्हून शिरलो." वर मला हात जोडून म्हणालीस, बाईसाब, चूक झाली. मेंढरं घेऊन तू माळापलीकडं गेलीस, आणि मी मागं पळत आले तरी थांबली नाहीस.

आये, मला बाईसाब म्हणालीस. मला त्या दिवसापासून जेवण नीट जात नाही, ते वायरींमुळं नाही.

वायरींचं काय, त्या मी जोडल्या. खांब सरळ केले, तारा ताणल्या. चनमल्लप्पांनी त्यांचे दोन गडी पाठवले आणि स्वतः बांधावर बसून मला ऐकवत राहिले, "तुमच्या आईनं आमच्या शेताला दिलं तेच तुमाला दिलं की. तुमालाच घ्याला यीना." चारच दिवसांत घळ पुन्हा येऊ लागली, आधी होती तेवढीच खोल. आता ती दिवस उगवायच्या आधी येते.

मग त्रास कसला, असं मास्तर तुम्ही विचाराल. त्रास असा की घळ आभाळातली आहे हे सगळे मानतात, पण तिची खोली मानायची की नाही यावर गाडी अडली आहे. वायर कुरतडलेली असली तर रेघ आपोआप कमी-जास्त उतरते, खोली खोटी निघते. वायरी कधी कुरतडल्या गेल्या? फक्त त्या चार रात्रींत की त्याच्याही आधी? चारच रात्री असतील तर मी तेवढे दिवस टाकून देते आणि बाकीचा सगळा हंगाम खणखणीत उरतो. पण मेंढ्या कुणाच्या, कुठून आल्या, हेच माहीत नसेल तर त्या पौषातही येऊन गेल्या नसतील कशावरून? मग माझा अख्खा हंगाम केराच्या टोपलीत. आणि साहेब मला नेमकं तेच लिहून द्यायला सांगतात. त्यांनी मजकूरही तयार करून ठेवला आहे, खाली सही तेवढी हवी. अज्ञात मेंढपाळांनी वेळोवेळी घुसखोरी केल्यानं या हंगामाची निरीक्षणं विश्वासार्ह राहिली नाहीत. साहेबांनी मला समजावलं ते अगदी घरच्यासारखं. म्हणाले, सोजर, यात तुमच्या आईचं नाव येत नाही, तुमचंही येत नाही. तपासणी समिती येते आहे, तिला जर कळलं की मेंढ्या तुमच्याच घरच्या होत्या तर निष्काळजीपणा तुमच्या माथी बसेल आणि मला तुम्हाला ठेवता येणार नाही. एक हंगाम गेला तर गेला, पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. मी नाही म्हणाले तेव्हा त्यांनी हात वर केले, म्हणाले, ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं.

व्हय, माझंच खरं. पुढच्या वर्षी पुन्हा मोजता येईल हे मला कळतं. ढग कुठं पळून जात नाही. पण त्या कागदात दोन खोट्या गोष्टी आहेत आणि मला दोन्ही पुन्हा कधीच पुसता येणार नाहीत. वेळोवेळी हे खोटं, आणि अज्ञात हे त्याहून खोटं. तुझ्या नावाऐवजी अज्ञात असं लिहायचं आणि खाली मी सही करायची? तू माझ्यासाठी सगळ्या वाडीशी वाकडं घेतलंस ते मला नोकरी लागल्यावर मी तुला अज्ञात म्हणावं म्हणून? मी साहेबांसमोर तो कागद घडी करून त्यांच्याच टेबलावर ठेवला आणि दुसरा लिहून दिला. त्यात लिहिलं आहे की मेंढ्या माझी आई गोजाबाई गुंडा मेटकरी हिच्या होत्या. त्या शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवसापासून चार रात्री बसल्या, त्याच्या आधी चनमल्लप्पांच्या शेतात होत्या. तेवढे दिवस मी गाळले आहेत, बाकीच्या प्रत्येक रेघेची जबाबदारी माझी. खाली पूर्ण नावानं सही केली, सोजर गुंडा मेटकरी. साहेबांनी तो कागद वाचला. मग म्हणाले की असं असेल तर एप्रिलअखेर तुम्ही दुसरीकडं बघा. मी बरं म्हणाले. बाहेर येऊन दुपारच्या उन्हात रानातून फिरले ती पगाराविना किती महिने निघतील ते मोजत, हेही सांगते, उगाच वाघीण झाल्याचं सोंग कशाला. पण मागं फिरावंसं वाटलं नाही.

आणि तुझं रान नासवण्याबद्दल बोलणाऱ्यांना मी एवढंच सांगते. चांगलं पोतंभर धान्य सोडून माझ्या आईनं तिच्याजवळ होतं ते सगळ्यात मोलाचं माझ्या जमिनीला दिलं. तुमच्यापैकी कुणी मला शिकताना वहीचं पान दिलं होतं? चुकलं असेल तर तिचं आणि माझं बघून घेऊ. शेळ्यांचे कान मी पिळीन, तो माझा अधिकार. तुम्ही तोंड घालू नका. माझ्या जन्मावेळी आभाळ कुठं होतं याचा हिशोब तुम्ही पुष्कळ केलात. त्या आभाळात काय आहे ते आता मला ठाऊक आहे. नव्यानं जन्मणारे तारे आहेत, आणि जन्मल्याजन्मल्या भोवतालाला एवढा ताप देतात की काय सांगू. मला ते फार आवडतात.

आता शेवटचं, आणि पत्र खरं याच्यासाठी. समितीचे तिघे पाडव्यानंतरच्या सोमवारी इथं येणार आहेत. माझा कागद त्यांच्याकडं पोचला आहे, आणि त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उलट पत्र टाकलं की मेंढ्यांच्या मालकाला समोर आणा, आम्हाला स्वतः विचारायचं आहे. चनमल्लप्पा यायला तयार आहेत, पण त्यांना त्यांच्या शेतापुरतंच माहीत. माझ्या रानात किती रात्री बसल्या हे सांगणारी तू एकटी. तेव्हा आये, रविवारच्या सांगोला-सोलापूर एस.टी.नं निघ, मी स्टँडवर येते. घोंगडं पांघरून ये, आहेस तशी ये, कुणाचं उसनं लुगडं नेसू नकोस. ते लोक रात्रींचं नंतर विचारतील. आधी माझ्याकडं बोट दाखवून विचारतील, ही बाई तुमची कोण लागते. त्या दिवशी सांगितलंस तेच पुन्हा सांगितलंस तर साहेब कदाचित मला ठेवून घेतील, पगार चालू राहील, आणि मी बिनआईची होईन. खरं सांगितलंस तर नोकरी जाईल की राहील ते मला माहीत नाही, आणि मी विचारायलाही गेले नाही. मी तुझ्या शेजारी उभी असेन. मान वर कर, आये, आणि त्यांना सांग.

तुझीच लेक,
सोजर